तांदळाचा डबा, भिजलेला फोन आणि दोनशे वर्षांचा ओलावा

जानेवारी २०२४ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या ग्राहक-साहाय्याच्या पानावर एक सूचना प्रसिद्ध केली आणि पुढच्याच महिन्यात ती जगभरच्या वृत्तपत्रांत बातमी होऊन झळकली. भिजलेला आयफोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आत शिरून फोनला इजा होऊ शकते, एवढाच तिचा आशय. चंद्रावर यान उतरवणाऱ्या युगात एका बलाढ्य कंपनीला स्वयंपाकघरातील एका तोडग्याविरुद्ध लेखी इशारा द्यावा लागावा, याचे अनेकांना हसू आले. परंतु त्या सूचनेमागे विज्ञानाचा मोठा इतिहास उभा आहे. वीज आणि पाणी यांना एकमेकांपासून दूर कसे ठेवावे, हा प्रश्न माणसाला तारायंत्राच्या पहिल्या प्रयोगापासून पडलेला आहे, आणि त्याची उत्तरे समुद्रतळाशी, ब्रह्मदेशाच्या जंगलात, टेलिफोनच्या केंद्रांत आणि अखेरीस बेंगळुरूच्या चिकपेटेसारख्या बाजारातील दुरुस्तीच्या टेबलांवर शोधली गेली आहेत. हा लेख त्या शोधाविषयी आहे.

धाकटी पेठ

‘चिक्क’ म्हणजे कन्नडमध्ये लहान आणि ‘पेटे’ म्हणजे आपलीच पेठ. पहिल्या केंपेगौडाने १५३७ साली बेंगळुरूची उभारणी केली, तेव्हा आखलेल्या बाजारपेठांपैकी दोड्डपेटे ही थोरली आणि चिक्कपेटे ही धाकटी. थोरल्या पेठेचा रस्ता आज ॲव्हेन्यू रोड म्हणून ओळखला जातो. धाकटीने आपले नाव राखले आहे. मराठी वाचकाला हा परिसर परका नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू जिंकले आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. पुढची काही दशके हे शहर भोसल्यांच्या कारभाराचे केंद्र होते.

केंपेगौडाच्या काळात शहराभोवती तलाव बांधले गेले. या शहराला मोठी नदी नव्हती, म्हणून पावसाचे पाणी अडवणे हाच त्याच्या जगण्याचा आधार होता. पेठेच्या पश्चिमेस असलेला धर्मांबुधी तलाव पुढे आटला, बुजला आणि त्याच्या जागेवर आजचे केंपेगौडा बसस्थानक उभे राहिले. तलाव गेले तरी पावसाला उतार ठाऊक असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये एका रात्रीत १३० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला आणि शहराच्या पूर्वेकडील तंत्रज्ञान-कंपन्यांचे रस्ते, तळघरे व वसाहती पाण्याखाली गेल्या. देशाची संगणकीय राजधानी समजल्या जाणाऱ्या शहरात त्या आठवड्यात माणसे ट्रॅक्टरवर बसून कामाला जात होती.

विजेशीही या पेठेचे नाते जुने आहे. शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पुरवली जाऊ लागली. ५ ऑगस्ट १९०५ रोजी आजच्या कृष्णराजेंद्र मार्केटच्या परिसरात, म्हणजे चिकपेटेच्या उंबरठ्यावर, विजेचे दिवे लागले. आज चिकपेटेला लागून असलेला सदर पत्रप्पा रस्ता, लोकांच्या तोंडी ‘एस. पी. रोड’, हा दक्षिण भारतातील इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा एक मोठा बाजार आहे. पाण्याचा वारसा आणि विजेचा व्यापार यांची गाठ जिथे पडते, तिथे भिजलेल्या फोनचा प्रश्न रोजचाच असणार.

पाणी आत गेल्यावर काय घडते

सर्वसाधारण समजूत अशी की पाणी फोनला मारते. शुद्ध पाणी मात्र विजेचे फारच दुबळे वाहक आहे. घात होतो तो त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. नळाचे पाणी, कूपनलिकेचे जड पाणी, चहा, घाम, समुद्राचे पाणी या क्रमाने क्षार व इतर द्रव्ये वाढत जातात आणि धोकाही वाढत जातो.

फोनमधील लिथियम-आयन बॅटरीचा दाब साधारण ३.७ ते ४.२ व्होल्ट असतो. पाण्याचे विद्युत अपघटन सुरू होण्यास तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. म्हणजे बॅटरीपाशी त्याच्या तिप्पट बळ आहे. मुद्रित परिपथावरील तांब्याच्या रेषांमध्ये मिलिमीटरच्या काही दशांशांचेच अंतर असते. दोन रेषांवर पाण्याचा एक थेंब आडवा पडला की धन बाजूचे तांबे आयनांच्या रूपात विरघळू लागते, थेंबातून ऋण बाजूकडे सरकते आणि तिथे पुन्हा धातू होऊन साठते. हे साठणे सरळ थरात होत नाही. त्याला फांद्या फुटतात, त्या फांद्यांना उपफांद्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर नेच्याच्या पानासारखी आकृती दिसते. ही फांदी समोरच्या रेषेला टेकली की दोन्हींमध्ये थेट वाट तयार होते आणि परिपथ जळतो. हे सारे घडायला दिवस लागत नाहीत; अनुकूल स्थितीत काही मिनिटेही पुरतात.

दुसरी क्रिया सावकाश चालते. पाणी उडून गेले तरी क्षार मागे उरतात. हवेतील दमटपणा खेचून घेत ते पुन्हापुन्हा ओलसर होतात आणि जोडण्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटे चढतात. फोन दोन दिवसांत ‘बरा’ झाला आणि दोन महिन्यांनी अचानक बंद पडला, अशी तक्रार आपण ऐकतो; तिचे मूळ बहुधा इथे असते. तेव्हा ‘फोन वाळला’ आणि ‘फोन वाचला’ ही दोन निरनिराळी विधाने आहेत. तांदळाविषयीचा सारा गोंधळ ही दोन्ही एकच मानण्यातून निर्माण झाला आहे.

विद्यार्थ्यांना हे घरी पाहता येईल. बशीत नळाच्या पाण्याचा मोठा थेंब घ्यावा, त्यात तांब्याच्या दोन उघड्या तारांची टोके एकमेकांना न लावता ठेवावीत आणि टॉर्चचे तीन सेल एकापुढे एक जोडून त्या तारांना जोडावेत. ऋण तारेवर बुडबुडे येतील. धन तार काही वेळाने काळवंडेल वा हिरवट होईल. फोनच्या पोटात घडते ते हेच, फक्त शेकडो ठिकाणी एकाच वेळी. घरातील मुख्य विजेवर किंवा फोनच्या बॅटरीवर मात्र हा प्रयोग कदापि करू नये.

बांबूवरील तार आणि समुद्राखालची तार

वीज आणि पाणी यांच्या या वैराशी भारताची पहिली गाठ १८३९ साली पडली. विल्यम ओ’शॉनेसी या डॉक्टरने कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात बांबूंवरून सुमारे २१ मैल तार खेळवली आणि तिचा काही भाग हुगळीच्या पाण्याखालून नेला. पाण्याखालच्या तारेला त्याने डांबर, वेत आणि सुताचे आवरण दिले होते. संदेश पलीकडे पोहोचले. भारतात पाण्यातून वीज सुरक्षित नेण्याचा हा आरंभीचा यशस्वी प्रयत्न होय.

समुद्रासाठी ही आवरणे पुरेशी नव्हती. त्या अडचणीवर तोडगा निघाला तो आग्नेय आशियातील एका झाडाच्या चिकातून. गटापर्चा हा चीक गरम असताना मऊ होतो, थंड झाल्यावर कडक बनतो आणि समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षे टिकतो. त्याचा लेप चढवलेल्या तारा १८५० च्या दशकात समुद्रतळाशी पोहोचल्या. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत अशीच तार अंथरली आणि मुंबई समुद्राखालून युरोपशी जोडली गेली.

या पिढीच्या अभियंत्यांनी एक धडा पक्का केला : ओलावा आत आल्यावर त्याला बाहेर काढत बसण्यापेक्षा त्याला दाराशीच थोपवणे सोपे. आजच्या फोनमधील रबरी कडी आणि डिंकाच्या पट्ट्या या त्या गटापर्चाच्याच वंशज आहेत.

तांदूळ आणि वाळूचे जेल

जिथे थोपवणे शक्य नव्हते तिथे शोषून घेण्याचा मार्ग उरला. रसायनशाळेत यासाठी कळीचा चुना आणि कॅल्शियम क्लोराइड वापरले जात. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांसाठी नवनव्या शोषकांचा शोध सुरू झाला. त्याच सुमारास अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर पॅट्रिक यांनी सिलिका जेल मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची पद्धत शोधली. १९१९ मध्ये तिला एकस्व मिळाले. नाव जेल असले तरी हा कोरडा, काचेसारखा पदार्थ आहे. वाळूत जे सिलिका असते तेच इथे असंख्य सूक्ष्म छिद्रांनी पोखरलेल्या रूपात असते. एका ग्रॅमच्या पोटातील पृष्ठभाग कित्येकशे चौरस मीटर भरतो. दमट हवेत हा पदार्थ स्वतःच्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत पाणी धरू शकतो आणि तापवला की पुन्हा कोरडा होतो.

तांदळाची कथा याच्याशी समांतर चालते. उपाहारगृहातील मिठाच्या डबीत तांदळाचे चार दाणे टाकण्याची रीत आपल्याकडे सर्वपरिचित आहे. उष्ण कटिबंधात फिरणारे छायाचित्रकारही कॅमेऱ्याच्या डब्यात, दुसरे काही हाताशी नसेल तेव्हा, तांदूळ ठेवत. पण हा तांदूळ आधी भाजून कोरडा केलेला असे. फोनच्या युगात तोडगा पुढे आला आणि ‘भाजून’ हा शब्द वाटेत गळून पडला.

त्या एका शब्दात सारे शास्त्र आहे. दुकानातून आणलेल्या तांदळात साधारण १२ ते १४ टक्के पाणी आधीच असते. इतका ओलावा असलेला दाणा साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेशी समतोलात असतो. म्हणजे डब्यातील तांदळाभोवतीची हवा खोलीतील हवेपेक्षा फारशी कोरडी नसतेच. उलट दाण्यांच्या गर्दीमुळे फोनभोवती हवा खेळत नाही. ओल्या वस्तूला वाळायला दोन गोष्टी लागतात : भोवती कोरडी हवा आणि तिचे सतत बदलत राहणे. तांदळाचा डबा पहिली गोष्ट जेमतेम देतो आणि दुसरी काढून घेतो. जुने फोन विकत घेणाऱ्या गॅझेल या अमेरिकी कंपनीने २०१४ साली ओल्या स्पंजांवर तांदूळ, ओट्स, मांजरांसाठीची वाळू, सिलिका जेल अशा पदार्थांची तुलना केली, तेव्हा कच्चा तांदूळ तळाशी राहिला आणि उघड्या हवेत ठेवलेला स्पंज सर्वांपेक्षा चांगला वाळला.

मग इतक्या लोकांचा अनुभव खोटा मानायचा का? अनुभव खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तपासायला हवा. फोन तांदळात ठेवला की माणूस तो बंद ठेवतो, चार्जरला लावत नाही, दर पाच मिनिटांनी चालू करून पाहत नाही. या संयमाने फोन वाचतो आणि श्रेय तांदळाला जाते. तांदळाशिवाय तितकाच वेळ बंद ठेवलेला दुसरा फोन आपल्या प्रयोगात कधी नसतोच. नियंत्रणाशिवाय केलेल्या प्रयोगाचे याहून सुबोध उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. शिवाय वाचलेल्या फोनची गोष्ट दहा जणांना सांगितली जाते. न वाचलेला मुकाट्याने भंगारात जातो.

जंगलातील रेडिओ

ओलाव्याने यंत्रे किती वेगाने मरतात, हे दुसऱ्या महायुद्धाने दाखवून दिले. ब्रह्मदेश, न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांच्या जंगलांत सैन्याचे बिनतारी संच, टेलिफोन आणि दुर्बिणी शत्रूच्या गोळीविना निकामी होऊ लागल्या. सुताने गुंडाळलेल्या तारांवर, कागदी धारित्रांवर आणि चामड्याच्या पेट्यांवर बुरशी वाढे. बुरशीचे तंतू ओलावा धरून ठेवत आणि दोन तारांमध्ये विजेला चोरवाट मिळे. युरोपच्या हवामानासाठी बनवलेली यंत्रे पावसाळी प्रदेशात टिकत नाहीत, हे आपल्या बाजूच्या हवामानाने लष्करांना शिकवले. सॉलोमन बेटांवर कुजलेल्या तंबूच्या कापडातून वेगळी काढलेली एक बुरशी पुढे सेल्युलोज विघटित करणाऱ्या विकरांच्या उद्योगाची जननी ठरली, हे त्या विनाशातून निघालेले एक अनपेक्षित फळ.

या अनुभवातून यंत्रांचे ‘उष्णकटिबंधीकरण’ नावाचे शास्त्रच उभे राहिले. परिपथांवर बुरशीनाशक व्हार्निशचा पातळ लेप, हवाबंद डबे, त्यांत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुडीतील कोबाल्ट क्लोराइड : कोरडे असताना निळे, ओल लागली की गुलाबी. डबा न उघडता आतील स्थिती सांगणारा हा साक्षीदार होता. त्याचे कुळ आपल्या फोनमध्ये आजही नांदते आहे, ते पुढे पाहू.

स्वतंत्र भारताने दळणवळणाची यंत्रे स्वतः बनवायचे ठरवले, तेव्हा बेंगळुरू हेच त्याचे केंद्र झाले. १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज आणि १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक कंपन्या इथे स्थापन झाल्या. त्यांच्या यंत्रांना राजस्थानच्या धुळीपासून ईशान्येच्या पावसापर्यंत सारे सोसायचे होते. दमट उष्णता, खारे धुके, बुरशी यांच्या कसोट्या भारतीय सैन्यदलांच्या ‘जेएसएस ५५५५५’ या संयुक्त मानकात आजही आहेत. घरगुती फोनला या कसोटीतून जावे लागत नाही. तो लष्करी संचाइतका जाडजूडही नसतो.

चांदीचे झाड

१९५५ मध्ये बेल टेलिफोनच्या तांत्रिक नियतकालिकात कोहमन, हर्मन्स आणि डाउन्स या तिघांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. टेलिफोनच्या उपकरणांत चांदीचे भाग विद्युतरोधकाला लागून असत. हवा दमट असेल आणि एकाच दिशेचा विद्युतदाब दीर्घकाळ असेल, तर चांदी आयनांच्या रूपात रोधकावरून सरकते व पलीकडे पुन्हा धातू म्हणून उगवते, असे त्यांनी दाखवले. इथे पाणी सांडलेले नव्हते. डोळ्यांना न दिसणारा पृष्ठभागावरील ओलावाही पुरेसा होता. फोनमधील फांद्या फुटण्याची जी क्रिया वर सांगितली, तिचा शास्त्रशुद्ध अभ्यास इथून बळावला.

हे रसायन सराफपेठेला अपरिचित नाही. चिकपेट आणि शेजारचे नगर्तपेट हा बेंगळुरूचा जुना सोन्याचांदीचा बाजार. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतील मराठी माणसे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त देशभरच्या सराफपेठांत पसरली. ‘गलाई’ हा त्यांच्या धंद्याचा शब्द. गलाईच्या भट्टीत चांदी नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि त्या द्रावणात तांब्याचा पत्रा सोडतात. तांबे विरघळू लागते आणि चांदी कणाकणाने, फांदीफांदीने पत्र्यावर उगवते. तिथे धातूला आयन करून पुन्हा धातू करणे हा रोजगार आहे. फोनच्या पोटात तीच क्रिया बॅटरीच्या बळावर होते आणि सर्वनाश ठरते. एकाच गल्लीत एका दुकानी हे रसायन कामाला जुंपलेले असावे आणि दोन दुकाने पलीकडे त्याचे परिणाम खरवडून काढले जात असावेत, हे बाजारपेठेतच संभवते.

सीलबंद फोन आणि गुलाबी ठिपका

पहिल्या पिढीतील मोबाइल भिजला तर मागचे झाकण सरकवून बॅटरी काढता येई. हा खरा प्रथमोपचार होता, कारण विद्युतदाब नाहीसा झाला की धातूंचे सरकणे थांबते. नंतर फोन पातळ झाले, सीलबंद झाले आणि बॅटरी डिंकाने चिकटवली गेली. बंद केलेल्या फोनमध्येही बॅटरीलगतच्या काही रेषांवर दाब कायम राहतो. म्हणजे पाणी आत येण्याची शक्यता घटली, परंतु आल्यावर करायचा सर्वांत प्रभावी उपाय सामान्य माणसाच्या हातून गेला. पाण्याला आत येऊ न देणारे सील आत आलेल्या वाफेलाही बाहेर जाऊ देत नाही.

‘आयपी ६७’ किंवा ‘आयपी ६८’ या आकड्यांचा अर्थही नीट समजून घ्यावा. पहिला अंक धुळीपासून, दुसरा पाण्यापासून संरक्षणाचा. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे. ८ म्हणजे त्याहून कठोर, पण निर्मात्याने ठरवलेल्या अटींवर. ही चाचणी नव्या फोनची आणि गोड्या पाण्यातील असते. साबणाचे पाणी, समुद्र, नळाची जोरदार धार, पडून वाकलेली कड आणि दोन वर्षांत कडक झालेला डिंक यांचा त्या आकड्यात समावेश नाही.

कोबाल्ट क्लोराइडच्या त्या निळ्या-गुलाबी साक्षीदाराचा वंशज म्हणजे फोनमधील द्रव-सूचक ठिपका. सिमच्या खाचेत डोकावले तर अनेक फोनमध्ये तो पांढरा दिसतो. पाणी लागले की लाल वा गुलाबी होतो. युद्धकाळात हा साक्षीदार यंत्राच्या रक्षणासाठी होता, आता तो बहुधा ग्राहकाविरुद्ध साक्ष देतो : ठिपका रंगला की हमी संपली. केवळ दमट हवेनेही ठिपका रंगू शकतो, असा दावा करत अमेरिकेतील ग्राहक न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये ॲपलने ५.३ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. मोसमी पावसाच्या देशात या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

दुरुस्तीच्या टेबलावर

सदर पत्रप्पा रस्त्यावरील किंवा कोणत्याही शहरातील जाणता कारागीर भिजलेल्या फोनला वाळवण्यापासून सुरुवात करत नाही. तो फोन उघडतो, बॅटरी सोडवतो, परिपथावरील पत्र्याची कवचे काढतो आणि तो फलक धुतो. धुण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. ते पाण्यात सहज मिसळते, त्यामुळे फटींतील पाण्याला सोबत घेऊन बाहेर पडते. त्याचा पृष्ठताण कमी असल्याने ते चिपांखालच्या अरुंद जागेतही शिरते. आणि सुमारे ८२ अंशांना उकळणारे हे द्रव्य लवकर उडून जाते. मऊ ब्रशने पुटे घासली जातात, काही ठिकाणी श्राव्यातीत लहरींच्या टबात फलक बुडवला जातो. मग सूक्ष्मदर्शक, मल्टिमीटर आणि एकेका रेषेची तपासणी. वाळवणे हे काम सर्वांत शेवटी येते आणि सर्वांत सोपे असते.

या कौशल्याची किंमत आपण कमी लेखतो. भाजीवाली, रिक्षाचालक, घरपोच सामान देणारा तरुण, दूरच्या गावी शिकणारा विद्यार्थी यांच्यासाठी फोन म्हणजे गल्ला, ओळखपत्र, पासबुक आणि वर्ग आहे. नवा फोन घेणे म्हणजे कधी महिन्याची, कधी दोन महिन्यांची कमाई. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’विषयी समिती नेमली, त्याच वर्षअखेर त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले, आणि दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक कसा असावा याविषयीचा दुसऱ्या एका समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. युरोपीय संघाने तर वापरकर्त्याला स्वतः बदलता येईल अशा बॅटरीची अट फेब्रुवारी २०२७ पासून घातली आहे. पाण्यापासून बचाव आणि उघडण्याची सोय या दोन गुणांचा मेळ कसा घालायचा, हे येत्या काळातील अभियंत्यांपुढचे कोडे आहे. वाचकांपैकी कुणी ते सोडवील, अशी आशा बाळगायला हरकत नाही.

घरी काय करावे

या इतिहासातून निघणारे उपाय साधे आहेत आणि प्रत्येकाला कारण आहे.

• फोन पाण्यातून काढताच बंद करावा. दाब जितका लवकर हटेल तितके धातूचे सरकणे कमी.

• चार्जर लावू नये. बॅटरीहून अधिक दाब ओल्या जोडणीवर आणणे म्हणजे विद्युत अपघटनाला आमंत्रण.

• कव्हर, सिमची खाच आणि निघत असेल तर बॅटरी काढावी. बाहेरून मऊ कापडाने टिपावे.

• फोन हातात धरून, जोडणीचे तोंड खाली करून हलकेच ठोकावे. जोराने झटकू नये, फुंकू नये, कापूस किंवा कागद आत खुपसू नये. त्याने पाणी अधिक आत जाते.

• केस वाळवण्याचे यंत्र, इस्त्री, ओव्हन, कडक ऊन टाळावे. उष्णतेने डिंक सुटतो आणि लिथियम बॅटरी धोकादायक होते. फ्रीजमध्ये ठेवल्यास बाहेर काढताच दव धरते.

• कोरड्या जागी, पंख्याच्या मंद वाऱ्यात ठेवावा. केवळ जोडणीचे तोंड ओले असेल तर काही तास ते एक दिवस पुरतो. बेंगळुरूत मार्चच्या दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्याही खाली उतरते, तेव्हा उघडी हवा हेच उत्तम शोषक. ऑगस्टच्या सकाळी ती ८० टक्क्यांच्या वर असते. कोकणात आणि गोव्यात तर दिवसभर. अशा वेळी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या बऱ्याच पुड्या घालून फोन ठेवणे अधिक बरे. पुड्या मात्र ताज्या वा तापवून कोरड्या केलेल्या हव्यात.

• फोन पूर्ण बुडाला असेल, किंवा पाणी खारे, गोड वा साबणाचे असेल, तर वाळण्याची वाट न पाहता त्याच दिवशी कारागिराकडे न्यावा. बॅटरी फुगली वा तापली असेल तर फोनपासून दूर राहावे आणि तो चालू करण्याचा मोह टाळावा.

• चालू झाला तर सर्वप्रथम त्यातील छायाचित्रे, क्रमांक आणि कागदपत्रे यांची प्रत दुसरीकडे घ्यावी. मागे राहिलेल्या क्षारांनी पुढे काय करायचे ते ठरवलेले असू शकते.

शाळेतील विज्ञान मंडळांसाठी एक प्रयोग सुचवतो. स्पंजाचे तीन सारखे तुकडे घ्यावेत, प्रत्येकात मोजून १० ग्रॅम पाणी जिरवावे. एक तुकडा तांदळात, एक भाजून थंड केलेल्या तांदळात आणि एक उघड्यावर पंख्याखाली ठेवावा. दर दोन तासांनी स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून आलेख काढावा, खोलीची आर्द्रता नोंदवावी, आणि हाच प्रयोग एकदा मे महिन्यात व एकदा जुलैमध्ये करावा. हुगळीच्या पाण्याखाली तार सोडणाऱ्या माणसानेही ऐकीव मतावर न विसंबता हेच केले होते : तार टाकली, आणि संदेश पलीकडे पोहोचतो का ते पाहिले. प्रयोग झाल्यावर तांदूळ वाया घालवू नये. धुऊन भात करावा.